पातं झिजू द्या

नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर अबचलनगर साहिबमध्ये संध्याकाळची आरती झाली तरी गर्दी पांगत नाही. लोक शस्त्रदर्शनासाठी थांबलेले असतात. गुरू गोविंदसिंगांची म्हणून सांभाळलेली शस्त्रं सेवेकरी एकेक करून उचलतात, संगतीला नीट दिसतील अशी धरतात, कोणतं शस्त्र कसलं ते सांगतात आणि परत जागेवर ठेवतात. हा क्रम रोजचा. पंजाबातून सचखंड एक्स्प्रेसनं आलेला यात्रेकरू असो की शेजारच्या मुदखेडहून आलेला शेतकरी, दोघंही हात जोडून त्या पात्यांकडे बघत असतात.

गुरुद्वाऱ्याबाहेर आलं की दुकानांच्या रांगा लागतात. कडी, कंगवे, खंडे, लहानमोठ्या कृपाणी, दिवाणखान्यात टांगायच्या मखमली म्यानातल्या तलवारी. हाही पात्यांचाच बाजार. आणि नांदेडहून लातूरच्या रस्त्याला लागलं, की लोहा, अहमदपूर, चाकूर अशा कुठल्याही गावच्या आठवडी बाजारात गोणपाटावर मांडलेलं तिसरं दुकान भेटतं. तिथं विळे, खुरपी, कुऱ्हाडी, कोयते, अडकित्ते असतात. म्यान कशालाच नसतं, धार मात्र सगळ्यांना असते.

हातानं घडवलेलं, आपल्या मापानं करून घेतलेलं पातं वापरावं की जपून ठेवावं, हा प्रश्न हल्ली शहरातल्या हौशी संग्राहकांमध्ये चर्चेला असतो. हजारो रुपये मोजून कारागिराकडून सुरी घडवून घ्यायची आणि मग तिच्यावर ओरखडा पडेल म्हणून तिनं कांदासुद्धा चिरायचा नाही, अशी गंमत तिथं सर्रास दिसते. हा प्रश्न श्रीमंतांच्या कपाटातला वाटतो खरा. पण नांदेड-लातूरच्या पट्ट्यात तो फार जुना आहे आणि त्याची एकाहून जास्त उत्तरं इथं रोजच्या वागण्यातून दिली जातात. ती नीट पाहिली तर प्रश्न पात्यापाशी थांबत नाही. पातं करणाऱ्या हातापर्यंत जातो.

जपण्याचीही मेहनत असते

गुरू गोविंदसिंग बहादूरशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि १७०८ साली नांदेडला गोदावरीच्या काठी त्यांचा देहान्त झाला. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. आतल्या अंगीठा साहिबमध्ये जी शस्त्रं आहेत त्यांत सोन्याची कट्यार, तोड्याची बंदूक, ३५ बाणांचा भाता, दोन धनुष्यं, रत्नजडित पोलादी ढाल आणि पाच सोनेरी तलवारी आहेत. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. शस्त्रांना इथं जो मान आहे तो त्या परंपरेला धरूनच आहे; दसम ग्रंथात ‘शस्त्र नाममाला’ नावाची रचनाच आहे, आणि हुजूर साहिबला गुरू ग्रंथ साहिबबरोबर दसम ग्रंथाचाही प्रकाश होतो.

ही शस्त्रं वापरायची नाहीत, हे उघड आहे. पण ती जपली जातात कशी, हे बघण्यासारखं आहे. काचेच्या पेटीत बंद करून, बाजूला पाटी लावून काम संपवलेलं नाही. गागरिया म्हणवणारा सेवेकरी रोज पहाटे गोदावरीचं पाणी गागरीतून घेऊन येतो. शस्त्रांना चंदनाचा टिळा लागतो. रोज संध्याकाळी ती माणसाच्या हातात येतात. आणि दिवाळीच्या पर्वात तख्तस्नान होतं. गोदावरीवरून संगत पाण्याच्या घागरी भरून आणते, वास्तू धुतली जाते, शस्त्रं बाहेर काढून साफ केली जातात. महाराष्ट्रात घरोघरी भांडी घासली जातात, फडताळं झाडली जातात, त्याच दिवसांत नांदेडला तलवारी स्वच्छ होत असतात.

लोखंडाच्या दृष्टीनं हा निव्वळ भक्तिभाव नाही. पोलादाला गंज चढतो तो ओलाव्यानं, आणि हाताच्या घामातल्या क्षारांनी तो लवकर चढतो. म्हणून संग्रहालयात हातमोजे घालतात. पण त्याहून मोठा धोका विसरण्याचा. पातं चामड्याच्या म्यानात घालून वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर चामडं ओलावा धरून ठेवतं, ते कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंश पात्याला लागतो आणि म्यानातून तलवार निघते तेव्हा तिच्यावर खड्डे पडलेले असतात. आपल्याकडे कित्येक वाड्यांतल्या तलवारी अशाच गेल्या. कोणी मोडल्या नाहीत, कोणी विकल्या नाहीत. फक्त कोणी काढून बघितल्या नाहीत. जे पातं रोज कुणाच्या तरी नजरेखालून जातं, त्याच्यावरचा तांबूस ठिपका पहिल्याच आठवड्यात दिसतो.

जपण्याची दुसरी तऱ्हाही याच गुरूंच्या शस्त्रांनी पाहिली. १८४९ साली ब्रिटिशांनी पंजाब घेतला, तेव्हा लाहोरच्या खजिन्यातली गुरूंची काही शस्त्रं गव्हर्नर जनरल डलहौसीनं विलायतेला नेली. शंभराहून जास्त वर्षं ती त्याच्या वारसांच्या घरी होती. १९६५-६६ मध्ये ती भारतात परत आली आणि आनंदपूरच्या केशगढ साहिबला गेली. लोखंड म्हणून ती तिकडेही शाबूत राहिली. पण त्या शंभर वर्षांत त्यांच्यापुढे हात जोडणारं कुणी नव्हतं, त्यांचं नाव घेऊन कुणी ती उचलून दाखवत नव्हतं. नांदेडची शस्त्रं नांदेडलाच राहिली आणि त्यांच्याभोवतीचा रोजचा क्रमही राहिला.

न कापता वापरायची कृपाण

गुरुद्वाऱ्याबाहेर विकली जाते ती कृपाण कोणत्या खात्यात टाकायची? ती शोभेची वस्तू नाही, कारण अमृतधारी शीख ती अंगावरून उतरवत नाही. ती हत्यार म्हणूनही रोज वापरली जात नाही. तरी तिला काम असतं. कोणत्याही गुरुद्वाऱ्यात कडाह प्रसाद वाटण्याआधी कृपाण त्या गरम शिऱ्याला लावली जाते आणि मगच तो संगतीत वाटतात. अमृत तयार करताना लोखंडी बाट्यातलं साखरपाणी दुधारी खंड्यानं ढवळतात. तुपातून फिरणारं, पाण्यातून फिरणारं, अंगावर घामात भिजणारं पातं झिजत नाही. पण त्याला पुसावं लागतं, तेल द्यावं लागतं, म्यानातून अधूनमधून काढावं लागतं. वापर म्हणजे कापणंच असं नाही, ही गोष्ट शिखांनी तीनशे वर्षांपूर्वीच ठरवून टाकली आहे.

कायद्यानंही ती मानली. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या पहिल्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणं हे शीख धर्माच्या आचरणात धरलेलं आहे. देशांतर्गत विमानात सहा इंचांपर्यंत पातं आणि एकूण नऊ इंचांपर्यंत लांबी असलेली कृपाण शीख प्रवाशाला चालते. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती ‘शस्त्र’ म्हणून मोजली जातात. मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे लातूरच्या शेतकऱ्याचा कोयता आणि भिंतीवरची तलवार, लांबी सारखी असली तरी कायद्याला वेगळी दिसतात. वेगळेपण ठरतं ते पातं कशासाठी केलं यावर.

या कृपाणी, तलवारी करणारे आणि उजळणारे लोक म्हणजे शिकलकरी. गुरूंच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज दक्षिणेत आले, असं ही मंडळी परंपरेनं सांगतात. नांदेड आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्यांच्या वस्त्या आहेत. शस्त्राचं काम गेलं तसं शिकलकरी कढया, झारे, सुऱ्या, कुलुपं-किल्ल्या, पत्र्याची कामं यांकडे वळले. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हत्यारं करणं परवान्याच्या कचाट्यात सापडलं आणि हा धंदाच संशयाचा ठरला. आज गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानांत पंजाबच्या कारखान्यांतला, यंत्रावर कापून चकचकीत केलेला स्टेनलेसचा माल भरपूर असतो. तो गंजत नाही, स्वस्त पडतो आणि यात्रेकरूला तेच हवं असतं. ज्या शहरात शस्त्रांची रोज पूजा होते, त्याच शहरात शस्त्र घडवणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

पाट्याचं लोखंड

लातूरकडे पूजेपेक्षा झिजण्याचा हिशेब मोठा. हा सोयाबीनचा जिल्हा. दसऱ्याच्या आगेमागे काढणी येते आणि मजुरांच्या टोळ्या विळे घेऊन रानात उतरतात. वाळलेल्या सोयाबीनचं खोड टणक असतं, बुडाला माती चिकटलेली असते, आणि माती धारेची वैरी. काढणीच्या हंगामात विळ्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागते. ज्याचा विळा मऊ, त्याचं मनगट संध्याकाळी दुखतं.

म्हणून बाजारात विळा घेताना जाणता माणूस आधी विचारतो, “पाट्याचा हाय का?” पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा. स्प्रिंगसाठी केलेल्या या पोलादात अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा जरा जास्त कार्बन असतो. साधं बांधकामाचं लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवलं तरी म्हणावं तसं कडक होत नाही; पाट्याचं होतं. भंगारातून आणलेला पाटा छन्नीनं तोडायचा, भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर धरून घणानं ओढायचा. हे काम गावच्या लोहाराइतकंच, किंबहुना आता त्याहून जास्त, घिसाडी करतात. त्यांना गाडी लोहारही म्हणतात. गावाबाहेर पाल पडतं, जमिनीत छोटी भट्टी होते. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून हातोडीनं जागा दाखवतो आणि बाई दोन्ही हातांनी घण उचलून त्या जागेवर घालते. भात्यावर बहुधा घरातलं पोर. घिसाड्याची भट्टी पाहिलेला माणूस लोहारकाम पुरुषाचं असं म्हणणार नाही.

खरी कसोटी शेवटी येते, पाणी देताना. पोलाद साधारण ७७० अंशांवर तापलं की त्याला चुंबक धरत नाही. पण इथं चुंबक नसतो, रंग असतो. लोखंड कोणत्या लालीवर आलं की पाण्यात घालायचं, हे अंधूक उजेडात डोळ्यांनी ठरतं, म्हणून भट्टीवर सावली धरतात. पाण्यात शिरताच आतली रचना बदलते आणि पातं काचेसारखं कडक, तितकंच ठिसूळ होतं. मग त्याला जरा शेक देऊन तो ताठरपणा उतरवायचा. घासलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग निळा. विळ्याला एक रंग बरा, कुऱ्हाडीला दुसरा. पाणी कमी पडलं तर धार वळते, जास्त झालं तर तुकडा उडतो. हे सगळं ज्या हाताला कळतं त्यानं धातुशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसतं, आणि पुस्तक वाचलेल्या माणसाला ते एका हंगामात जमत नाही.

आणि इथं वस्तू मापानं होते. डावखुऱ्या माणसाला दात्यांचा विळा उलट्या बाजूनं करून लागतो. खुरपणीला जाणारी बाई आपलं खुरपं सोबत नेते. दिवसभर बसून सरकत तण काढायचं तर खुरप्याचा वाक, मुठीची जाडी आणि वजन तिच्याच हाताचं हवं, दुसरीचं चालत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी वखराची पास, कुऱ्हाड, खुरपं शेवटून आणायचं, म्हणजे बोथट झालेलं टोक तापवून, ठोकून पुन्हा ओढून घ्यायचं. काही वर्षांनी त्या खुरप्याचं पातं अर्ध्यावर येतं. मग ते अंगणातल्या तुळशीची माती हलवायला राहतं, मग पोरांच्या खेळात जातं, मग भंगारात. शहरातला संग्राहक ज्याला ‘खास घडवून घेतलेलं पातं’ म्हणेल, ते इथं दर घरात असतं आणि ते संपवण्यासाठीच असतं.

जपण्याची जागा या घरांतही आहे. खंडेनवमीला अवजारं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून मांडतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. बाळंतिणीच्या उशाशी विळा असतो, पाचवीच्या पूजेत असतो. नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार असते. ती बहुधा भावकीत एकाच घरी असते आणि लग्नसराईत या घरातून त्या घरात फिरते. पण घरात ठेवलेलं म्हणजे सुरक्षित, एवढा भाबडा विश्वास लातूरच्या माणसाला परवडणाराही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर भागात दगडमातीची जाड भिंतींची घरं कोसळली, हजारो माणसं गेली. जिथं माणसंच ढिगाऱ्यातून काढायची होती, तिथं पेटीतल्या पिढीजात वस्तूंचं काय झालं हे कुणी मोजलं नाही. पुन्हा संसार उभे राहिले ते नव्यानं घेतलेल्या विळ्या-खुरप्यांवर. ती करून देणारे हात होते, म्हणून ते झालं.

पाती राहिली, रीत गेली

नांदेड जिल्ह्याची हद्द ओलांडली की निजामाबाद लागतं. त्या जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. एके काळी जगातलं सर्वांत नावाजलेलं पात्याचं पोलाद तिथं होत होतं. मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि कार्बन देणारा पाला-लाकूड भरून, बराच काळ भट्टीत ठेवून पोलादाची वडी काढायची, अशी ती रीत. दीड टक्क्याच्या घरातला कार्बन आणि पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी ही त्याची खूण. हेच वुट्झ पोलाद. यातूनच इराण आणि अरब मुलखात ‘दमास्कस’ म्हणून गाजलेल्या तलवारी झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. व्हॉयसी यांनी कोनासमुद्रमच्या भट्ट्या पाहून त्यांचं वर्णन लिहिलं, ते १८३२ साली छापलं गेलं; हे पोलाद घ्यायला इस्फहानचा व्यापारी तिथं येत असे, असा उल्लेख त्यात आहे. लंडनमध्ये मायकेल फॅरडेनं तरुणपणी याच पोलादाचे नमुने घेऊन प्रयोग केले होते.

मग विलायती स्वस्त पोलाद आलं, गिऱ्हाईक गेलं, भट्ट्या विझल्या. करणाऱ्यांपैकी कुणी रीत लिहून ठेवली नव्हती. ती बापाकडून मुलाकडे हातानं जायची. त्या पोलादाच्या तलवारी मात्र जगभरच्या संग्रहालयांत आणि राजवाड्यांत उत्तम जपलेल्या आहेत. काचेआड, कोरड्या हवेत, मेणाचा हात दिलेल्या.

पुढे काय झालं ते या सगळ्या वादात मला सर्वांत बोलकं वाटतं. १९२४ साली झ्शोक्के नावाच्या स्विस अभियंत्यानं या पोलादाचा अभ्यास केला, तेव्हा हेन्री मोझर या संग्राहकानं आपल्या संग्रहातली काही अस्सल जुनी पाती त्याला कापायला दिली. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि फ्लोरिडातला लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी ती लहरींची नक्षी पुन्हा साधायचा घाट घातला, तेव्हा त्याच कापलेल्या पात्यांचे उरलेले तुकडे त्यांनी तपासले. १९९८ साली त्यांनी मांडलं की खनिजात नैसर्गिकरीत्या असलेला व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश आणि ठरावीक तापमानात पुन्हा पुन्हा केलेली घडाई, यांतून ती नक्षी येते. म्हणजे शेकडो वर्षं सांभाळलेली पाती शेवटी करवतीखाली घालावी लागली, कारण ती कशी करायची हे सांगणारा माणूस कुणी सांभाळला नव्हता. कोनासमुद्रमचं एखादं घराणं तगलं असतं तर त्याला नुसतं विचारता आलं असतं.

याउलट जपानमध्ये इसे इथलं शिंतो देवस्थान दर वीस वर्षांनी पूर्ण नव्यानं बांधतात. शेवटचं नूतनीकरण २०१३ साली झालं, पुढचं २०३३ मध्ये. इमारतीबरोबर देवाच्या ७१४ प्रकारच्या, एकूण १५७६ वस्तूही नव्या करतात. त्यांत तलवारीही असतात. वीस वर्षांची मुदत अशी की मागच्या वेळी शिकाऊ असलेला कारागीर पुढच्या वेळी मुख्य असतो आणि त्याच्या हाताखाली पुढचा शिकाऊ असतो. त्याच देशानं १९५० च्या कायद्यानं कारागिरालाच सांस्कृतिक ठेवा मानण्याची सोय केली आणि १९७१ साली गास्सान सादाइची या तलवार घडवणाऱ्या लोहाराला तो मान दिला. त्या देशात जुन्या तलवारी कमी जपलेल्या नाहीत, पण जपण्याच्या यादीत लोहाराचंही नाव आहे.

आपली यादी

आपल्या यादीत काय आहे? जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली. ती अफझलखानाच्या वेळचीच आहेत याची खात्री देता येत नाही, असं त्या संग्रहालयानंच सांगितलं आहे. तरी बघायला रांगा लागल्या. २०२५ साली राज्य सरकारनं लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार विकत घेऊन आणली. ती मराठ्यांच्या फिरंग प्रकारची, म्हणजे पातं युरोपात घडलेलं आणि मूठ, सोन्याची अक्षरं इकडची. दोन्ही गोष्टी आनंदाच्याच. ही पाती जपायलाच हवीत, कारण ती ज्यांनी घडवली आणि ज्यांनी धरली त्यांपैकी कुणी आता नाही.

पण जे आहेत, त्यांचं काय? घिसाडी महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगानं बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली २००८ साली अहवाल दिला. भटकं आयुष्य, कागदपत्रं नाहीत, राहायला हक्काची जागा नाही, ही त्यातली रड आजही पालावर ऐकू येते. १७ सप्टेंबर २०२३ ला, योगायोगानं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत लोहार आहे, हातोडा व अवजारं करणारा आहे आणि अस्त्रकारही आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षण आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची आखणी. कागदावर घिसाडी आणि शिकलकरी दोघंही बसतात. मात्र पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या पातळीवर होते. ज्याचं पाल या महिन्यात चाकूरला आणि पुढच्या महिन्यात उदगीरला, त्याला आपला माणूस कोणत्या ग्रामपंचायतीनं म्हणायचं?

दुसरीकडून बाजार आवळतो. तणनाशकानं खुरपणी कमी केली, सोयाबीनच्या रानात आणि उसाच्या फडात हार्वेस्टर शिरला, घरात स्टेनलेसची सुरी आली. त्यात ‘कोयता गँग’च्या बातम्यांनी कोयता हे नावच बदनाम केलं; ज्या कोयत्यावर ऊसतोड मजुरांचं पोट आहे तो घडवणाऱ्याकडे गिऱ्हाईक आता वाकड्या नजरेनं बघतं. यंत्र आलं ते चांगलंच झालं, असं त्या फडातली बाई सांगेल आणि तिचं खरं आहे. तिची पाठ कुणी संग्रहालयात ठेवणार नाही. यंत्र थांबवून कारागीर जगवायचा, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मग काय करायचं

तेव्हा वापरावं की जपावं याची कसोटी पात्याचं वय, किंमत किंवा नक्षी ही नसावी. असंच दुसरं करून देणारा माणूस आज आहे का, एवढं विचारावं. नसेल तर ते पातं जपावं, आणि हुजूर साहिबला जपतात तसं जपावं: वर्षातून निदान एकदा बाहेर काढून, पुसून, चार माणसांना दाखवून, त्याचं नाव-गाव सांगून. घरी जुनी कट्यार किंवा अडकित्ता असेल तर तो चामड्याच्या म्यानात ठेवू नये, घासून चकाकी आणू नये. नुसता गंज हलक्या हातानं काढावा आणि पातळ खनिज तेलाचा किंवा मेणाचा हात द्यावा. करडईचं तेल लातूरच्या घरात हाताशी असतं, पण ते पात्यावर सुकून चिकट होतं, म्हणून ते टाळावं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे तो पाहिला की कळतं, सुपारी कातरायच्या वस्तूतही लोहारानं किती जीव ओतलेला असतो.

आणि करून देणारा असेल, तर ते पातं खुशाल वापरावं. झिजवावं. पाट्याची सुरी वापरून झाली की लगेच धुऊन कोरडी करावी. लिंबू-टोमॅटोनं ती काळवंडते, त्यानं बिघडत काही नाही. धार दगडावर, पाण्याचा हात देत लावावी. सुक्या, जोरात फिरणाऱ्या चाकावर धरली आणि काठ निळा पडला, तर भट्टीत दिलेलं पाणी तेवढ्या जागेपुरतं गेलं म्हणून समजावं. झिजून कामाची राहिली नाही की पुन्हा त्याच माणसाकडे जावं. कारागिराच्या दृष्टीनं कपाटात जपलेली सुरी म्हणजे एकदाच झालेली विक्री. झिजलेली सुरी म्हणजे पुन्हा येणारं गिऱ्हाईक, आणि भात्यावर बसलेल्या पोरानं हा धंदा शिकावा की सोडावा हे त्या गिऱ्हाइकावर ठरतं.

यंदा दिवाळीच्या खरेदीत आठवडी बाजारातल्या त्या गोणपाटापाशीही थांबा. आपल्या हाताचं माप द्या, पाट्याचं लोखंड मागा, दोन पैसे जास्त मागितले तर घासाघीस करू नका. आणि घरी नेलेली सुरी पाहुण्यांना दाखवायला ठेवू नका. पुढच्या वर्षी ती शेवटून घ्यायला त्याच पालावर परत या.